एफीची मिटलेली मूठ

सप्टेंबर संपत आला की माझा हात आपोआप मोठ्या पातेल्याकडे जातो. घरात माणसं तीन. हे इथल्या हॉस्पिटलमध्ये चॅप्लन, म्हणजे आजाऱ्यांचे पाळक. त्यांचं दुपारचं वॉर्डातच काहीतरी भागतं. आशा सतरा वर्षांची, ती कधी काय खाते ते एका देवाला ठाऊक. तरी मी आपली गाजरं चिरतेय, बार्ली भिजत घालतेय, मटणाची हाडं उकळतेय, आणि बघता बघता पंधरा माणसांचं सूप तयार! "कोण येणार आहे गं?" हे विचारतात. कोणी नाही हो. लीड्समधल्या आमच्या टीचभर घरात मुक्कामाला कोण येतंय? मग आठवडाभर तेच सूप. "मम्मी, नॉट अगेन," आशा म्हणते. मी असं का करते ते मला कळत नाही, असं मी सांगते. खरं तर कळतं, पण कबूल करायला नको वाटतं.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला एका बेटावर आम्ही सहा वर्षं होतो. बेटाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून तिथंच आहेत आणि आपल्याबद्दल कुणी चार ओळी लिहिलेल्या त्यांना मुळीच खपणार नाहीत. ह्यांना तिथल्या चर्चचं बोलावणं आलं तेव्हा आशा तीन वर्षांची होती. फेरीबोटीतून उतरलो तर धक्क्यावर काळ्या ओव्हरकोटातले चार वडील उभे. वडील म्हणजे चर्चचे पंच, वयानंही आमच्या वडिलांच्या जागी. माझ्या पणजोबांचा बाप्तिस्मा जालन्याकडे एका स्कॉटिश मिशनऱ्याच्या हातून झाला होता, ही गोष्ट ह्यांनी पत्रात कळवलेली. त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्यानं माझा हात हातात घेतला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "परतभेटीला जरा उशीरच केलात." मला हसावं की माफी मागावी कळेना. पुढची सहा वर्षं त्या बेटावर माझं बहुतेक असंच चाललं.

तिथं लोक वर्ष मोजायचे ते कम्युनियन्सनी. आपण प्रभुभोजन म्हणतो ते, येशूच्या आठवणीत पाव आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. आमच्याकडे जालन्याला ते महिन्याच्या पहिल्या रविवारी, उपासनेच्या शेवटी, पंधरा मिनिटांत आटपायचं. तिथं वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि सप्टेंबरअखेर, आणि एकेकदा सलग पाच दिवस! गुरुवारी उपास. शुक्रवारी पुरुषांनी एकामागून एक उभं राहून सांगायचं, की खरा विश्वासणारा कशावरून ओळखावा. शनिवारी तयारी. रविवारी मेज, म्हणजे प्रत्यक्ष प्रभुभोजन. सोमवारी उपकारस्तुती. दुकानदार दुकान बंद ठेवी, शाळेला सुट्टी असे, आणि आसपासच्या बेटांवरून फेरी भरभरून पाहुणे उतरत. घरोघर गाद्या पडत. पाळकाच्या घरी तर विचारू नका. पहिल्या वर्षी माझ्याकडे अकरा जण झोपायला होते आणि पंगतीला तीस. माझी अशी तारांबळ उडाली की मी चहात साखर समजून मीठ घातलं, आणि त्या सज्जनांनी हूं की चूं न करता तो चहा प्यायला.

शेजारच्या एफीनं मला त्यातून वर काढलं. सत्तरीची बाई, सडसडीत, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, अंगाला कोंबड्यांचा आणि पीटच्या धुराचा वास. पीट म्हणजे तिथल्या दलदलीतली माती. विटांसारखी कापून वाळवतात आणि चुलीत जाळतात. लग्न केलेलं नव्हतं. आमच्या कुंपणाला लागूनच तिचं घर. मला ती सहा वर्षं 'मिसेस साळवे'च म्हणत राहिली, पण माझ्या स्वयंपाकघरात शिरताना तिनं दार कधी वाजवलं नाही. "मिसेस साळवे, हाडं कालच उकळायला हवी होती," असं म्हणत ती ॲप्रन बांधायची. चादरी कुठून आणायच्या, कुठल्या दोन पाहुण्यांना एका खोलीत झोपवायचं नाही, कुणाला बटाट्याबरोबर खारवलेला मासा हवा, सगळं तिला तोंडपाठ. आशा शाळेतून सुटली की थेट तिच्याकडे. 'एफी ग्रॅनी' म्हणायची. मला आई नव्हती, ह्यांची आई इतक्या लांब. मी एफीवर जीव टाकला, यात काय नवल?

पण रविवारी काय व्हायचं ते ऐका. चर्चमध्ये पुढच्या बाकांवर लांबच लांब पांढरं कापड अंथरलेलं असे, इस्त्रीची घडी दिसावी इतकं कडक. एक माणूस स्तोत्राची ओळ एकटाच उचलून देई आणि मग सगळी मंडळी ती मागून घेई, पण एकासुरात नाही हं. जो तो आपल्या गतीनं, आपल्या हेलकाव्यानं. पहिल्यांदा मला वाटलं सगळे चुकताहेत. दुसऱ्यांदा अंगावर काटा आला. ते गाणं चालू असताना ज्यांना हक्क होता ते उठून त्या पांढऱ्या कापडाशी जाऊन बसत. हक्क असा सहज मिळत नसे. वडिलांसमोर जाऊन आपल्या विश्वासाविषयी सांगायचं, मग त्यांनी शनिवारी हातावर एक लहानसं टोकन ठेवायचं. आणि रविवारी, कुणी उठण्याआधी, पाळकानं मेजाला कुंपण घालायचं, म्हणजे कुणी येऊ नये ते स्पष्ट बजावायचं. बिचारे हे! पहिल्या वर्षी कुंपण घालताना ह्यांचा आवाज इतका बारीक झाला की मागच्यांना ऐकूच गेलं नाही.

आणि उठत किती जण? तीनशेतले चाळीस. बाकीचे मागे बसून राहत. जन्मभर दर रविवारी येणारी, एकेक स्तोत्र पाठ असलेली माणसं, आणि मेजाशी एकदाही न गेलेली. त्यांना वाटे, आपण त्या योग्यतेचे नाही. एफी त्यांतलीच. तिची आईही तशीच बसून गेली. पांढऱ्या कापडाशी बसणाऱ्यांत एक गृहस्थ असे होते, की त्यांनी एका कुंपणाच्या तारेवरून सख्ख्या भावाशी नऊ वर्षं बोलणं टाकलेलं. आणि गावात कुणाची शेवटची घटका आली की उशाशी बसायला हाक जायची ती एफीला. मला हे पचेना. आमचं दृढीकरण झालं, म्हणजे आम्हाला प्रभुभोजन घ्यायची मुभा मिळाली, तेव्हा आम्ही अकरा पोरी एका रांगेत पांढऱ्या साड्या नेसून उभ्या होतो, आणि योग्यतेबिग्यतेचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता. निऱ्या सुटू नयेत एवढीच काळजी.

"तू का येत नाहीस मेजाशी?" मी एकदा तिला विचारलंच. ती स्कोनचं, म्हणजे तिथल्या छोट्या गोडसर पावांचं, पीठ थापत होती. "नाही नाही, मिसेस साळवे. माझ्यासाठी नाही ते." आणि हसली.

त्या हसण्यानं घात केला. आमच्याकडे पाहुण्याचा पहिला 'नको' कुणी मनावर घेतं का? पहिला नको म्हणजे रीत. दुसरा नको म्हणजे लाज. तिसऱ्याला यजमानीण सरळ ताटात लाडू टाकते, आणि पाहुणा 'अहो, हे काय' म्हणत खातो. माझी अख्खी हयात असं वाढण्यात गेली. आमच्या घरून कुणी अर्धपोटी उठलं तर माझी आजी दोन दिवस बेचैन असायची. एफीच्या त्या 'नाही'मध्ये मला आपला ओळखीचाच 'नको' ऐकू आला. हिला हवंय, मी मनात म्हटलं. कुणीतरी आग्रह करायला हवा एवढंच.

आमचं तिथलं तिसरं वर्ष, सप्टेंबरचे कम्युनियन्स. बाहेर असा वारा की छत्र्या नुसत्या हातात धरायच्या. आत ओल्या लोकरी कोटांचा आणि पेपरमिंटच्या गोळ्यांचा वास. लांब उपदेशात चघळायला प्रत्येक बाईच्या पर्समध्ये त्या असतच. आशा सहा वर्षांची, एफीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली. मी दोघींना मागं सोडून मेजाशी गेले. ताटलीतून पावाची लांब पट्टी पुढं येई, प्रत्येकानं आपापला तुकडा मोडून घ्यायचा. मी घेतला. अर्धा खाल्ला. आणि अर्धा, देवा रे, कसा आणि का ते आजही सांगता येणार नाही, रुमालात लपवला. परत बाकावर आले, एफीचा हात ओढला, तो तुकडा तिच्या तळव्यावर ठेवला आणि तिची बोटं माझ्या हातानं मिटवली. वर हळूच म्हटलंसुद्धा, "घे."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मूठ उघडलीही नाही. शेवटचं स्तोत्र झालं, आशीर्वचन झालं, लोक उठले, आणि तिची मूठ तशीच. मला घरी पंगत वाढायची होती. "मी नेते हिला," असं म्हणून तिनं डाव्या हातात आशाचा हात धरला, आणि उजवी मूठ कोटाला घट्ट लावून ती वाऱ्यात वाकून घराकडे गेली. मी पायरीवर उभी राहून बघत राहिले.

त्या तुकड्याचं तिनं काय केलं? खाल्ला? चुलीत टाकला? कोंबड्यांना घातला? सोमवारी सकाळी ती नेहमीसारखी डझनभर अंडी घेऊन आली, पाहुण्यांच्या चादरी दोरीवर टाकू लागली, आणि अवाक्षर बोलली नाही. पुढच्या रविवारी ती चर्चला आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. अख्खा हिवाळा गेला. सत्तर वर्षांत जिचा रविवार चुकला नाही ती बाई! मार्चच्या कम्युनियन्सना तिनं माझ्याकडे राब राब राबून स्वयंपाक केला, आणि उपासनेची घंटा झाली की ॲप्रन काढून घरी गेली. वडिलांनी ह्यांना विचारलं, ह्यांनी मला विचारलं, मी म्हटलं, गुडघे दुखत असतील. पाळकाची बायको, आणि धडधडीत खोटं बोलले. उन्हाळ्यात ती पुन्हा यायला लागली, पण आमच्या बाकावर नाही. जिन्याखाली एक अंधारा बाक होता, त्यावर.

मी तिला कधीच विचारलं नाही. राग असता तर आशाला रोज जवळ घेतलं असतं का? अंडी दिली असती का? आणि राग नव्हता तर मग ती जिन्याखाली काय करत होती? आम्ही बेट सोडलं तेव्हा तिनं मला लोकरीचे मोजे दिले आणि म्हणाली, "हाडं आदल्या दिवशी, मिसेस साळवे." दोन वर्षांनी तिथल्या एकीचं कार्ड आलं, एफी गेली म्हणून. मी उलट टपाली विचारलं, शेवटी मेजाशी गेली होती का? उत्तर आलं, नाही, कधीच नाही. त्या दिवशी मी कामाच्या ठिकाणी टॉयलेटमध्ये जाऊन रडले.

आता आशाचं सांगते. पुढच्या वर्षी ती ब्रिस्टलला इंजिनिअरिंगला जायचं म्हणतेय. म्हणजे हा घरातला शेवटचा हिवाळा. इथल्या चर्चमध्ये महिन्यातून एकदा प्रभुभोजन असतं. कुणालाही मज्जाव नाही, टोकन नाही, कुंपण नाही, लहान मुलंसुद्धा पुढं जाऊन घेतात. आजवर आशा नेमकी त्या वेळी संडे स्कूलच्या पोरांना सांभाळायला खाली जायची. मला वाटायचं, केवढी सेवाभावी माझी लेक! या वर्षी ए लेव्हल्सच्या, म्हणजे इथल्या बारावीच्या, अभ्यासामुळे तिनं ते सोडलं, आणि सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी ती माझ्या शेजारी बसली होती. आमची रांग उठली. ती उठेना. मी कोपरानं ढोसलं. तिनं मान हलवली. मी दंडाला धरलं, आणि तिनं दंड असा सोडवून घेतला की पुढच्या बाईनं वळून पाहिलं.

तीन आठवडे मी गप्प राहिले, हे मला ओळखणाऱ्यांना खरं वाटणार नाही. डोक्यात नुसता भुंगा. हिचा विश्वास उडाला का? मित्रमैत्रिणींचा परिणाम? की पाळकाच्या घरातली पोरगी म्हणून वीट आला? ब्रिस्टलला गेल्यावर हिला चर्चचं दार तरी दाखवणार कोण? शेवटी एका शनिवारी सकाळी मी गाजरं चिरत होते, ती टोस्टची वाट बघत होती, आणि माझा बांध फुटला.

"काय खुपतंय तुला त्यात? दोन मिनिटांचं काम! तुझ्या पप्पांना काय वाटत असेल?"

"पप्पाला विचारलं मी. तो म्हणाला, टेक युवर टाइम."

"मला नाही विचारलंस?"

"तू विचारू देते का, मम्मी? तू डायरेक्ट ढकलते."

मी सुरी ठेवली. ती टोस्टरकडे बघत बोलत राहिली. आशाचं मराठी मोडकंतोडकं, पण त्या दिवशी ती मुद्दाम मराठीत बोलली, हे माझ्या लक्षात आलं.

"मी ऑलरेडी एकदा खाल्ला आहे. एफी ग्रॅनीचा."

"काय खाल्लंस?"

"तो ब्रेड. आपण आयलंडवर होतो तेव्हा. तुझ्याकडे सगळे लोक जेवायला आले होते आणि मी तिच्या घरी होती. तिचा हात असा बंद. मला वाटलं पेपरमिंट आहे. मी तिची बोटं उघडली, एक एक. आत ब्रेड होता, एकदम ओला झाला होता. ती खूप वेळ बघत बसली. मग म्हणाली, मम्मीनी दिला आहे, तू खा, तुला चालेल. मी खाल्ला. आणि ती रडली, मम्मी. मोठ्यानी. मला वाटलं, मी तिचा घास खाल्ला म्हणून रडते."

"अगं, मग मला सांगितलं का नाहीस?"

"तिनी प्रॉमिस घेतला. म्हणाली, मम्मीला नको सांगू, तिला वाईट वाटेल."

टोस्ट उडून वर आला. दोघींनीही घेतला नाही. सहा वर्षांची पोर, अकरा वर्षं हे पोटात घेऊन माझ्यासमोर जेवत होती, शाळेला जात होती, मोठी होत होती. मला आधी राग आला, आणि तो कुणाचा ते ठरवता येईना. एफीचा? आशाचा? मग लाज वाटली. मग हे सगळं बाजूला सारून असं वाटलं की आत्ता जाऊन त्या म्हातारीचे पाय धरावेत. तिला गिळताही आलं नव्हतं आणि टाकताही आलं नव्हतं, आणि तशातही तिला काळजी कुणाची, तर माझी.

"म्हणून तू घेत नाहीस?"

"मला माहित नाही," आशा म्हणाली. "खरंच माहित नाही. पण पहिला माझा नव्हता ना. नेक्स्ट वाला मला पाहिजे तेव्हा घ्यायचा आहे. कदाचित नाहीच पाहिजे होणार. तू रडू नको पण."

मी रडत नव्हते. म्हणजे, गाजरं चिरताना कुणी रडत नाही, एवढंच मला म्हणायचं होतं, पण तेही धड जमलं नाही.

दुपारी हे आले तेव्हा मी सगळं सांगून टाकलं, रुमालासकट. ह्यांनी बूट काढता काढता ऐकलं. "रुमालाचं मला माहीत होतं," म्हणाले. "मी समोरच उभा होतो ना. दिसलं मला."

"मग बोलला का नाहीत? तुमचं कामच होतं ते!"

"काय बोलायचं ते कळलं नाही." आणि दुसऱ्या बुटाची नाडी सोडू लागले. "अजूनही कळलेलं नाही. तू नियम मोडलास हे खरं. पण तो नियम मोडावा असं मलाही दर वर्षी वाटायचं. आणि मोडून तिचं भलं झालं असंही दिसलं नाही." आता पाळकालाच कळेना म्हटल्यावर आम्ही विचारायचं कुणाला?

काल ऑक्टोबरचा पहिला रविवार होता. आमची रांग उठली. आशा बसून होती, मांडीवर कोट, नजर खाली. मला तिच्या दंडाशिवाय दुसरं काही दिसेना. एकदा वाटलं, आपणही आज बसूनच राहावं, तिला सोबत. मग वाटलं, तेही ढकलणंच झालं, फक्त उलट्या बाजूनं. मागची बाई खाकरली. मी उठले, आशाच्या गुडघ्यांसमोरून तिरकी होऊन बाहेर पडले, आणि मागं वळून न बघता पुढं गेले. पाव मिळाला तो मी तिथंच उभी राहून खाल्ला, सगळाच्या सगळा. बरोबर करतेय की पोरीला एकटीला मागं टाकून चाललेय, काही म्हणजे काही समजत नव्हतं.

परत आले. आशानं आधी माझे दोन्ही हात नीट पाहिले, रिकामे आहेत ना ते. मग कोट उचलला आणि सरकून मला शेजारी जागा करून दिली.